मुद्दल, व्याज आणि तुझं तिसरं वर्ष

कोल्हापूर,
गुरुवार, रात्री

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस मनातल्या मनात तुझ्याशीच बोलतेय, म्हणून आज लिहायला बसले. पप्पा म्हणाले, फोन कर की. पण फोनवर आपण दोघी एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नाही. रविवारी तेच झालं.

आधी एक सांगते, नाहीतर पुढच्या सगळ्यात ते राहून जाईल. तुझी प्रवेशाची दोन्ही पत्रं आल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. कपिलतीर्थात भाजी घेताना कुणी न विचारता तिघींना सांगितलं की आमची मनू अमेरिकेत पीएचडीला चाललीय. आत्यांना तर दोनदा सांगितलं. तेव्हा मी तुझ्या जाण्याच्या आड येतेय असं मनात आणू नकोस.

तू म्हणालीस, "आई, हार्वर्डकडं पन्नास अब्ज डॉलर आहेत. माझं विद्यापीठही त्याच पंगतीतलं. त्यांना माझे महिन्याचे पैसे द्यायला जड जाणार आहे का?" मी म्हटलं, गंगाजळी किती आहे ते बघू नकोस, ती कशासाठी बांधलेली आहे ते बघ. मग तू म्हणालीस की मी प्रत्येक गोष्टीत पतसंस्था आणते. आणते, बाळा. एकतीस वर्षं ठेवींच्या टेबलावर बसले, मला दुसऱ्या भाषेत पैसा कळत नाही.

तुझा आकडा चुकीचा नाही. मी बघितलं. २०२४ च्या जूनअखेर हार्वर्डचा निधी ५३.२ अब्ज डॉलर होता, आपल्याकडचे जवळजवळ साडेचार लाख कोटी रुपये. पण तो एक गल्ला नाही. चौदा हजारांवर वेगवेगळे निधी एकत्र गुंतवलेले आहेत, आणि बहुतेकांवर देणाऱ्याची अट आहे. हे अमुक विषयाच्या प्राध्यापकाच्या पगाराला, हे ग्रंथालयाला, हे गरीब मुलांच्या फीला. एकाचं दुसऱ्याला लावता येत नाही. त्या वर्षी त्यातून २.४ अब्ज डॉलर खर्चाला काढले, म्हणजे साधारण साडेचार टक्के. बाकीचं वाढायला ठेवायचं, कारण महागाई मुद्दल खात असते.

हे मला वाचून कळलं नाही. माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या बक्षिसावरून कळलं. आजीच्या स्मरणार्थ त्यांनी शाळेत हजार रुपयांची ठेव ठेवली होती, गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी. तेव्हा दहा टक्के व्याज. शंभर रुपयांत कंपासपेटी, शब्दकोश आणि वर पेढ्याचा पुडा यायचा. आण्णा त्या दिवशी धुतलेला फेटा बांधून पुढच्या रांगेत बसायचे. मागच्या जानेवारीत मला बक्षीस द्यायला बोलावलं होतं. पाकिटात साठ रुपये होते. मुलीनं वाकून नमस्कार केला आणि पाकीट उघडलंसुद्धा नाही, बरं झालं. मी घरी आले आणि आण्णांच्या फोटोसमोर बराच वेळ बसले. त्यांनी सगळं व्याज दरवर्षी वाटून टाकलं, मुद्दलात काही टाकलं नाही. मन मोठं, हिशेब कच्चा. आपल्या पतसंस्थेत नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, कायदाच आहे तसा. मला पूर्वी तो जाच वाटायचा.

असो. मुद्दा तुझ्या तिसऱ्या वर्षाचा आहे.

तुझ्या लाडक्या पत्रात लिहिलंय की पहिली दोन वर्षं फेलोशिप, आणि पुढं 'उपलब्ध निधीनुसार'. दुसऱ्या पत्रात, जे तू नीट वाचलंही नाहीस, पाच वर्षं स्पष्ट लिहिलीयत. ते विद्यापीठ सरकारी आहे, नाव मोठं नाही, निधीही बेताचाच. पण पाच म्हणजे पाच.

पुन्हा तेच सुरू केलं बघ मी. लिहायच्या आधी ठरवलं होतं की तिसऱ्या वर्षाचं नाव काढायचं नाही.

श्रीमंत विद्यापीठं वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. प्रिन्स्टननं २००१ पासून पदवीच्या गरजू मुलांच्या मदतीतून कर्ज काढूनच टाकलं, सगळी मदत अनुदानाची. ते जमतं, कारण २०२४ ला निधी चौतीस अब्ज डॉलरचा आणि मुलं जेमतेम नऊ हजार. डोईमागं धरलं तर हार्वर्डच्याही पुढं. टेक्सासात तर १८७६ साली विद्यापीठाला पश्चिमेकडची ओसाड जमीन लावून दिली होती, गुरं चारण्यापलीकडं उपयोग नव्हता. १९२३ ला तिथं तेल लागलं. आता त्या जमिनीच्या निधीच्या उत्पन्नातला दोन तृतीयांश वाटा टेक्सास विद्यापीठाला आणि एक तृतीयांश टेक्सास ए अँड एमला. आणि केंटकीत बेरिया म्हणून लहानसं कॉलेज आहे, १८९२ पासून एकाही मुलाकडून शिकवणीची फी घेत नाही. निधीच्या उत्पन्नावर चालतं आणि प्रत्येक मूल काम करतं. हे वाचलं तेव्हा मला कर्मवीर भाऊराव पाटलांचं 'कमवा आणि शिका' आठवलं. मी तिथं जन्मले असते तर शिकले असते.

हे वाक्य खोडणार होते, राहू दे.

तुला मी इतकंच सांगत आले की बीएस्सी अर्धवट राहिलं, लग्न ठरलं म्हणून. लग्न दोन वर्षांनी ठरलं. खरं असं की मला एका संस्थेकडून शिष्यवृत्ती होती, एका दानशूर बाईंनी मुलींसाठी ठेवलेल्या ठेवीवर. पहिलं वर्ष मिळाली. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये ऑफिसात गेले तर कारकुनानं वर न बघता सांगितलं, बंद झालीय. का, ते खूप वर्षांनी कळलं. सभागृह बांधायला ठेव मोडली होती. मी खिडकीसमोर उभी होते, हातात पाचशे रुपये कमी होते, एवढंच. आण्णांनी त्या महिन्यात आधीच दादाची फी भरली होती. मी त्यांना सांगितलंच नाही की अजून लागतात. घरी येऊन म्हटलं, मला जमत नाही फिजिक्स.

मला जमत होतं, मनू. तुझं डोकं आभाळातून पडलेलं नाही.

आणि हे फक्त आपल्याकडं होतं असं समजू नकोस. न्यूयॉर्कला कूपर युनियन म्हणून कॉलेज आहे, १८५९ चं. क्रायस्लर बिल्डिंगखालची जमीन त्यांची, तिचं भाडं येतं. पिढ्यान् पिढ्या तिथं फुकट शिकवत होते. मग २००६ मध्ये साडेसतरा कोटी डॉलरचं कर्ज काढलं, नवी इमारत बांधली, आणि २०१४ मध्ये मुलांना फी सुरू झाली. वाचताना माझा हात थांबला. तीच इमारत, तीच खिडकी. हार्वर्डचंही २००९ ला एका वर्षात गुंतवणुकीत २७ टक्के नुकसान झालं, तेव्हा नदीपलीकडच्या विज्ञान संकुलाचं बांधकाम मध्येच थांबवलं होतं. आणि आता त्यांच्या सरकारनं या निधींच्या उत्पन्नावरचा कर वाढवलाय. आधी १.४ टक्के होता, आता ज्यांच्याकडं विद्यार्थ्यामागं वीस लाख डॉलरच्या वर निधी आहे त्यांना ८ टक्के. मोठ्या घरात काटकसर सुरू झाली की पहिला चहा पाहुण्याचा बंद होतो. परदेशातून आलेली पोर म्हणजे पाहुणीच.

लेक्चर झालं. माफ कर. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तू प्रयोगशाळेत काय करतेस ते मला आजही धड सांगता येत नाही.

काल संध्याकाळी दसरा चौकातून चालत आले. तू लहान असताना पप्पा तुला स्कूटरवर पुढं उभी करून बोर्डिंगं दाखवायचे, हे मराठा मुलांचं, हे जैनांचं, हे लिंगायतांचं, हे मुसलमान मुलांचं, आणि तू विचारायचीस की मुलींचं कुठलं. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाला पुढं करून ही बोर्डिंगं उभी करवली, जागा दिल्या, वर्षाची मदत लावून दिली. आण्णा कागलहून येऊन त्यातल्याच एकात राहिले, भाकरी घरून यायची, खोली फुकट. महाराज जाऊन शंभर वर्षं झाली आणि तिथं अजून पोरं राहतात. मी बराच वेळ फाटकाशी उभी होते. एक मुलगा बादली घेऊन नळाकडं चालला होता. त्याला कुणीतरी उद्या सांगेल का, बंद झालीय, असं उगाच मनात आलं.

तर माझं म्हणणं एवढंच. तुझं मन त्या पहिल्या विद्यापीठावर असेल तर तिथंच जा, मी अडवणार नाही. पण १५ एप्रिलच्या आत उत्तर द्यायचंय, त्याआधी विभागाला लिहून विचार: तिसऱ्या वर्षापासून माझे पैसे कुठून येणार? प्रोफेसरांच्या अनुदानातून, शिकवण्याच्या कामातून, की कुठल्या निधीतून? तो निधी नेमका कशासाठी बांधलेला आहे? आणि प्रोफेसरांचं अनुदान संपलं तर विभाग जबाबदारी घेतो का? तोंडी उत्तर घेऊ नकोस, लेखी माग. विचारायला लाज वाटू देऊ नकोस. मी त्या खिडकीशी एकही प्रश्न विचारला नव्हता.

आत्यांनी मेतकूट केलंय, शनिवारी पप्पा एसटीनं पाठवतायत. स्वारगेटला घ्यायला जा, मागच्या वेळेसारखं दोन दिवस पडू देऊ नकोस. पप्पांचा गुडघा ठीक आहे, सूज उतरलीय.

विभागाचं उत्तर आलं की ते पान जसंच्या तसं मला पाठव. इंग्रजी असलं तरी चालेल, मी सावकाश वाचेन.

तुझी,
आई