मावशींचा अंगठा आणि ‘आधी विकास’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकांचं पत्र वाचलं. ‘आधी पोटाला भाकरी, मग हक्कांच्या गप्पा. सयाजीरावांच्या काळी कुठे होती लोकशाही, तरी बडोदं पुढे गेलंच ना?’ असा त्यांचा सूर होता. बडोद्यातल्या मराठी घरांत जेवता जेवता हे वाक्य एकदा तरी निघतंच. माझ्या वडिलांच्या तोंडून तर मी ते इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. त्यांच्याशी वाद घालायचा राहून गेला, म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले.

महाराजांचं मोठेपण मला मान्य आहे. मी जन्मभर शिक्षिका होते, मी नाही मानायचं तर कोणी? 1893 मध्ये अमरेलीत करून पाहिलं आणि 1906 पासून सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड होई. 1911 मध्ये गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानसाठी शिक्षणाचं विधेयक आणलं तेव्हा दाखला बडोद्याचाच दिला. ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. स्वतंत्र भारतात शिक्षण मुलांचा मूलभूत हक्क झालं ते 2002 च्या घटनादुरुस्तीने, आणि कायदा लागू व्हायला 1 एप्रिल 2010 उजाडला. म्हणजे आमच्यानंतर एकशे चार वर्षांनी! लोकशाहीला नावं ठेवायला याहून चांगलं उदाहरण नाही. पत्रलेखकांना ते सुचलं कसं नाही, कोण जाणे.

पण मग 1917 चं बडोदंही आठवायला हवं. महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये अमेरिकेला गेलेले डॉ. आंबेडकर करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. गावात खोली मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. ते उघडकीला आलं आणि काठ्या घेतलेली माणसं दारात आली. सामान उचलून ते बाहेर पडले आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत कमाटीबागेत बसून राहिले. संध्याकाळी बागेत फिरायला जाते तेव्हा मला रोज हे आठवतं असं नाही, पण अधूनमधून आठवतं.

त्यांच्याकडे काय नव्हतं? परदेशी पदव्या होत्या, पगार होता, राजाचा पाठिंबा होता. अस्पृश्यांसाठी शाळा काढणारा राजा, आणि तरी त्याचा शब्द धर्मशाळेच्या उंबऱ्यापर्यंत पोचला नाही. दारातल्या माणसाला ‘तुम्हाला मला बाहेर काढता येणार नाही’ असं सांगायला लागतो तो कायदा नव्हता. तो पुढे राज्यघटनेत आला, आणि ती आंबेडकरांच्याच अध्यक्षतेखाली लिहिली गेली. (भाड्याने घर बघायला गेलं की ‘तुम्ही कोणत्या समाजाचे?’ हा प्रश्न अजून येतोच, ते सोडा.)

आता भाकरीचं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या रेशनकार्डावर दोन नावं आहेत, त्यांचं आणि मुलाचं. माणशी पाच किलो म्हणजे महिन्याला दहा किलो धान्य. मुलगा सुरतेला कामाला असतो. दिवाळीनंतर एकदा त्या रिकामी पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “बेन, अंगूठो नथी आवतो.” रेशन दुकानातलं मशीन त्यांच्या अंगठ्याचा ठसा ओळखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. मावशींनी अंगठा पदराला पुसला, मग केसांवरून फिरवून थोडं तेल लावलं, मशीनवर टेकवला. नाही. मग एकेक करून दहाही बोटं. चाळीस वर्षं राख आणि साबण लागलेली बोटं ती, रेषा राहणार कुठून? दुकानदार वाईट नव्हता. “थोडे दिवस थांबा,” म्हणाला, आणि माझ्याकडे बघून पुढे, “मफत तो मळे छे, बेन.”

हाच शब्द मला खुपला. फुकट मिळतं, तर नाही मिळालं म्हणून ओरडायचं कशाला! 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात हे धान्य मावशींचा हक्क म्हणून लिहिलंय. हक्काचं धान्य दिलं नाही तर सरकारने भत्ता द्यायचा आणि जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, हेही लिहिलंय. मी हे सगळं कागदावर उतरवून एका कचेरीत घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी कागद वाचलाच नाही. “या बाई तुमच्या कोण?” एवढं विचारलं.

शेवटी मुलगा खाडा करून सुरतेहून आला आणि त्याच्या अंगठ्यावर धान्य मिळालं. बुडालेली रोजी आणि जायचं-यायचं भाडं धरलं तर तेवढे गहू-तांदूळ बाजारात विकत आले असते.

भाकरी आधी की मत आधी, हा वाद पत्रलेखकांनी काढलेला नाही. 1948 च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 21 वं कलम मतदानाचं आहे आणि 25 वं अन्न-वस्त्र-निवाऱ्याचं, एकाच कागदावर. 1966 मध्ये जगाने त्याचे दोन वेगळे करार केले, एक मतासारख्या हक्कांचा आणि एक भाकरीसारख्या हक्कांचा. भारताने 1979 मध्ये दोन्ही स्वीकारले. त्या जाहीरनाम्यातलं ‘सर्व पुरुष’ बदलून ‘सर्व माणसं’ करायला लावणाऱ्या हंसाबेन मेहता आमच्या बडोद्याच्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. त्यांच्या नावाच्या लायब्ररीत रोज एवढी पोरं अभ्यासाला बसतात, दोघांना विचारून पाहा कोण होत्या त्या.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन म्हणतात की निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रं असतात तिथे माणसं भुकेने मरतील असा मोठा दुष्काळ पडत नाही. खरं असेल. पण दुष्काळाची बातमी होते, मावशींच्या अंगठ्याची होत नाही, आणि इथे तुमचा संबंध येतो.

एक विनंती. सोन्याचा भाव तुम्ही रोज छापता. महिन्यातून एकदा, रेशन वाटपाच्या आधी, त्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांचा हुद्दा, पत्ता आणि फोन नंबर चौकटीत छापा, शक्य तर गुजरातीतही. कात्रण मी स्वतः दुकानाच्या भिंतीला चिकटवीन. जरा लवकर करा, कारण पुढच्या महिन्यात पुन्हा खाडा करणार नाही असं मुलाने सांगून ठेवलंय.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे