‘सुब्रतो कप’मधले सुब्रतो कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा भाचा शाळेच्या टीममधून सुब्रतो कप, म्हणजे शाळांची फुटबॉल स्पर्धा, खेळतो. परवा त्याला सहज विचारलं, अरे सुब्रतो म्हणजे कोण, तर म्हणाला, असेल कोणीतरी जुना फुटबॉलवाला. चूक पोराची नाही, त्याला कोणी सांगितलंच नाही. म्हणून हे पत्र.

एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी म्हणजे आपल्या हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख. १९३२ साली ज्या मोजक्या भारतीय पोरांना पायलट म्हणून कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं त्यातले एक. १ एप्रिल १९३३ ला कराचीत हवाई दलाचं पहिलं स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभं राहिलं तेव्हा विमानं किती, तर चार! तीही कापड चढवलेली, एकावर एक दोन पंखांची, वापिटी नावाची. वायव्य सरहद्दीवर एकदा लष्कराची एक तुकडी वेढ्यात सापडली, गोळ्या संपत आल्या, तर मुखर्जींनी स्वतःच्या विमानातल्या मशीनगनच्या गोळ्या काढल्या, मोज्यांत भरल्या आणि वरून खाली टाकल्या. त्या मोज्यांचं मला फार अप्रूप वाटतं, डोकं आणि माया दोन्ही आहे त्यात.

१९३९ मध्ये त्याच स्क्वाड्रनची कमांड मिळाली, भारतीयाला पहिल्यांदाच. स्वातंत्र्यानंतरही हवाई दलाचे प्रमुख इंग्रजच होते, एकामागून एक तीन. करिअप्पा १९४९ ला लष्करप्रमुख झाले पण हवाई दलाला भारतीय प्रमुख मिळायला १ एप्रिल १९५४ उजाडला, मुखर्जी तेव्हा ४३ वर्षांचे होते. मग हंटर, नॅट, कॅनबेरा अशी जेट विमानं त्यांच्याच काळात आली, म्हणजे चार कापडी विमानांपासून इथपर्यंत एकाच माणसाच्या नोकरीत, विचार करा. ८ नोव्हेंबर १९६० ला टोकियोत जेवताना घास घशात अडकला आणि गेले. वय अवघं ४९. अजूनही वाचताना चटका लागतो.

आणि हो, त्यांच्या पत्नी शारदाताई माहेरच्या पंडित, आपल्या मराठी. नवरा गेल्यावर १९६२ साली त्या रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून आल्या, पुढे गुजरातच्या राज्यपाल झाल्या. रत्नागिरीतल्या तरी किती जणांना हे आठवत असेल?

शालेय फुटबॉलची हौस सुब्रतो मुखर्जींना होती, त्यातूनच हा कप १९६० मध्ये सुरू झाला. माझी एवढीच विनंती, तालुक्याच्या मॅचची बातमी छापाल तेव्हा स्कोअरच्या खाली दोन ओळी त्यांच्याबद्दल टाका, आणि क्रीडाशिक्षकांनी टॉस करायच्या आधी पोरांना दोन मिनिटं सांगावं. भाच्याच्या टीमला मी सांगून आलोय.

आपला नियमित वाचक