यंदाच्या इटालियन नाटकासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या इटालियन वर्गाचं यंदाचं नाटक ठरलं: इटालियन नाटककार कार्लो गोल्दोनीचं 'ला लोकांदिएरा' (म्हणजे 'लॉजची मालकीण'). तालमी रंगात आल्या आहेत, पैशांची जमवाजमव मात्र अर्ध्यावर अडली आहे.

वर्ग दरवर्षी नाटक का करतो, हे आपण प्रेक्षकांत बसून पाहिलं आहे. गोल्दोनीचंच 'दोन मालकांचा नोकर' केलं तेव्हा मुलांनी कागदाच्या लगद्याचे मुखवटे घरी बनवले होते. बेर्गामोचा सदा भुकेला नोकर, व्हेनिसचा व्यापारी पान्तालोने, पांडित्य मिरवणारा बोलोन्याचा दोत्तोरे. ही सोंगं वठवताना इटलीतल्या गावागावांचे स्वभाव मुलांच्या अंगात भिनले. पुस्तकातून हे पोचवायला आमचे शिक्षक वर्षानुवर्षं धडपडत होते.

यंदाची नायिका मिरान्दोलिना ही फ्लोरेन्समधल्या एका लॉजची मालकीण. १७५२-५३च्या हंगामात व्हेनिसमध्ये हे नाटक पहिल्यांदा रंगभूमीवर आलं. मुखवटे घालून आयत्या वेळी संवाद रचणाऱ्या नटांच्या हाती गोल्दोनीने लिहिलेली संहिता दिली आणि आसपासची खरी माणसं रंगमंचावर आणली. तिसऱ्या अंकात मिरान्दोलिना इस्त्री करत असते. बायकांचा तिटकारा असलेला उमराव समोर घुटमळतोय आणि ती मध्येच लॉजमधला नोकर फाब्रित्सिओ याला हाक मारून तापलेली इस्त्री मागवते. नोकराशी बोलतानाचा सूर वेगळा, उमरावाशी वेगळा, आणि हात कुठेच थांबायचा नाही! ही भूमिका करणारी आपली विद्यार्थिनी पहिल्या सत्रात वर्गात तोंड उघडत नव्हती. परवाच्या तालमीत समोरचा नट संवाद विसरला, तर हिने इटालियनमध्येच त्याला सावरून घेतलं. परीक्षेतले गुण एकीकडे आणि हे एकीकडे.

यापूर्वी मदत केलेल्यांचं ऋण मोठं आहे. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांनी यंदा आपली जुनी कोळशाची इस्त्री दिली, वर ती धरायची कशी हेही शिकवलं. छापखान्याच्या मालकांनी आजवर पत्रिकांचा एक पैसा घेतलेला नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या आजी दर महिन्याला स्वतः जिना चढून पाकीट देऊन जातात आणि पावतीसुद्धा मागत नाहीत. मिलानला शिकायला गेलेल्या माजी विद्यार्थ्याने संहितेच्या प्रती स्वखर्चाने पाठवल्या.

मात्र मनातलं एक सांगायला हवं. गेल्या वर्षी दोनदा पत्रं पाठवली, बहुतेकांकडून साधा होकार-नकारही आला नाही. प्रयोगाचे पास मात्र दोन दिवसांत संपले. पोरांनी शेवटी खिशातून वर्गणी काढून वेशभूषेचं भाडं भरलं, हे आम्हाला फार लागलं. अडचण असेल तर तसं मोकळेपणाने कळवा, राग नाही.

एकूण खर्च ७५,००० रुपये (सभागृह, प्रकाशयोजना, कपडे, मेकअप, टेम्पो), जमा २८,०००. सभागृहाची उरलेली रक्कम येत्या शनिवारपर्यंत भरली नाही तर तारीख जाईल. रोख किंवा चेक वर्गाच्या कार्यालयात, संध्याकाळी ६ ते ८, रविवार बंद. यूपीआयचा क्यूआर कोड सूचनाफलकावर आहे, पैसे पाठवल्यावर नाव कळवा म्हणजे पावती करता येईल. पैसे शक्य नसतील तर जुनी नऊवारी किंवा जरीकाठाचे पडदे द्या, घागऱ्यांना कापड हवं आहे. पांढऱ्या सुती चादरीही चालतील, पण धुतलेल्या. शिवणकाम येणाऱ्या दोघी-तिघी तातडीने हव्या आहेत.

आपला,
कार्यवाह, इटालियन वर्ग