विसार देण्याआधी

चि. सौ. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

कोथरूडच्या फ्लॅटचे कागद नीट वाचले. घर चांगलं आहे, ७८ लाख हा भावही रास्त वाटतो. पण एजंट म्हणतो तसा हा व्यवहार महिन्याभरात उरकणार नाही. चार महिने धरून चाल, आणि त्यातले जास्तीत जास्त दिवस विसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, देण्याआधी जाऊ देत. आधी उशीर झाला तर नुसता उशीर होतो. विसार दिल्यावर झाला, तर कर्जाच्या मंजुरीची मुदत टळते, राहतं भाड्याचं घर सोडायची नोटीस देऊन बसलेली असतेस, आणि समोरचा ‘दुसरं गिऱ्हाईक आहे’ म्हणून दटावतो.

मुख्य अडचण शेअर सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यात, आहे. तू पुढच्या बाजूचा फोटो आधी पाठवलास, मागच्या बाजूचा नंतर. मागे हस्तांतराचा तक्ता असतो: तारीख, नव्या सभासदाचं नाव, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या, शिक्का. या फ्लॅटचा तो तक्ता कोरा आहे. म्हणजे सोसायटीच्या दप्तरी अजून फ्लॅटचे मूळ मालक, ते वारलेले गृहस्थच सभासद आहेत. त्यांच्या पत्नी नॉमिनी आहेत, त्यामुळे त्या विकू शकतात, असं एजंट सांगतोय ते चूक. नॉमिनीला सोसायटी तात्पुरतं सभासद करून घेऊ शकते, मालकी वारसांची. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी आणि गृहस्थांच्या मागे त्यांची आई हयात असेल तर तीसुद्धा, असे सारखे वाटेकरी. या सासूबाईंना लोक हमखास विसरतात आणि सर्च रिपोर्टच्या, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासायच्या, वेळी वकील विचारतो. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचार.

तुला सोयीचा मार्ग म्हणजे बाकीच्या वारसांनी बाईंच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं, मग मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि हक्कसोडपत्र लावून सोसायटीत नाव चढवायचं. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेली ‘ना हरकत’ चालणार नाही. स्थावराचा हक्क तशा कागदाने सुटत नाही. वारसांत मतभेद असतील तर प्रकरण कोर्टात वारस दाखल्यासाठी जातं, त्यात किती महिने जातील ते कोणी सांगू शकत नाही. तसं दिसलं तर हा फ्लॅट सरळ सोडून दे.

बाईंचा मुलगा अमेरिकेत आहे. तो स्वतः येणार नसेल तर कुलमुखत्यारपत्र लागेल. मसुदा इथल्या वकिलाने करून द्यावा, सही तिकडे नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत व्हावी, आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं. घोळ होतो तो मजकुरात. इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यात घर सांभाळणं, भाड्याने देणं, बिलं भरणं सगळं असतं, फक्त ‘हक्क सोडून देणे व दस्त नोंदवणे’ हा अधिकार नसतो. मग तोच कागद पुन्हा अमेरिकेला.

या हक्कसोडपत्रात तुझाही फायदा आहे. किंमत ५० लाख किंवा जास्त असली की विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो, तुझ्या बाबतीत ७८,००० रुपये. विकणाऱ्यांत अनिवासी माणूस आला की त्याच्या हिश्शाला हा १ टक्क्याचा नियम लागत नाही. दर बराच जास्त असतो, आणि तो कमी करून घ्यायचा तर त्याला आयकर खात्याचं प्रमाणपत्र आणावं लागतं. त्यात आठवडे जातात. विकणाऱ्या एकट्या बाई असल्या की हे सगळं टळतं.

मूळ करारनामा अजून बँकेत आहे, कर्ज मात्र फिटलंय, असं म्हणतात. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजा उतरवायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. कर्जदार वारला असेल तर वारसांना कागद कसे मिळतील, तेही बँकेने जाहीर करायचं असतं. बाईंनी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तोंडी विचारपूस करून काही होत नाही.

हे कागद जमले की आपल्या वकिलाच्या आधी तुझ्या बँकेच्या पॅनेल वकिलाला, म्हणजे बँकेने नेमलेल्या वकिलाला, दाखव. आपला वकील ‘ठीक आहे’ म्हणाला तरी पैसे सुटतात ते पॅनेलवाल्याच्या अहवालावर, आणि वारसांच्या प्रकरणात काही जण हक्कसोडपत्रावर समाधान मानतात, काही कोर्टाचा दाखला मागतात. ३० वर्षांचा सर्च आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीसही त्याच्याच सल्ल्याने कर. नोटिशीत हरकतींसाठी साधारण १४-१५ दिवस ठेवतात.

मग विसार. एक लाख पुरे, तोही बँकेतून, रोख नको. एजंटच्या छापील मसुद्यात ‘आजपासून ६० दिवसांत व्यवहार पूर्ण न केल्यास विसार जप्त’ असं आहे. ते खोडून ‘सर्व मूळ कागद व नोंदणीकृत हक्कसोडपत्र खरेदीदारास मिळाल्या दिवसापासून ६० दिवस’ असं घाल. मालकी हक्कातल्या दोषामुळे बँकेने कर्ज नाकारलं तर विसार १५ दिवसांत परत, हेही. नाही म्हणाले तर समज की उशीर होणार हे त्यांनाही ठाऊक आहे.

नावं आत्ताच ठरवा. फक्त तुझ्या नावे घेतलं तर महिलेला सवलत म्हणून मुद्रांक शुल्क ६ टक्के, नवऱ्याचं, अनिकेतचंही नाव घातलं तर ७. फरक ७८,००० चा. त्याला जुन्या करप्रणालीत व्याजाची सवलत हवी असेल तर मात्र मालकीत नाव लागेल. मंजुरी आल्यावर नावं बदललीत तर कर्जाचे कागद पुन्हा पहिल्यापासून.

नोंदणीचा दिवस मार्चअखेर येऊ देऊ नकोस, कचेरीत मुंगी शिरायला जागा नसते. तशीच वेळ आली तर ३१ मार्चच्या आत शुल्क भरून सह्या करा. दस्त नोंदवायला सहीपासून ४ महिने असतात. सोसायटीचा हस्तांतर प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यावर ‘देणगी’ मागितली तर पत्र लेखी माग.

तूर्त बाईंकडून एवढंच आण: मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र आणि इंडेक्स टूची (दस्त नोंदणीच्या उताऱ्याची) प्रत. राहत्या घराच्या मालकाला अजून काही बोलू नकोस.

तुझी,
आई