जुनी कार्टून्स चांगली होती, पण तुम्ही म्हणता म्हणून नाही

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत लेख आला होता ना, की आपल्या लहानपणीची कार्टून्स निरागस होती, आताची सगळी खेळणी विकायला काढलेली. वाचून मान डोलावली आणि मग म्हटलं बघूया तरी, म्हणून लेकीला शेजारी बसवून ही-मॅन लावलं, तेच तलवारवाल्या बलदंड नायकाचं जुनं कार्टून. दोन संध्याकाळी गेल्या त्यात.

पहिल्यांदा निरागसपणाचं सांगतो. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीची ही-मॅनची खेळणी बाजारात आली १९८२ला आणि सिरियल आली १९८३ला. म्हणजे बाहुला आधी, गोष्ट नंतर! आपण ज्याच्यासाठी अभ्यास अर्धवट टाकून पळत यायचो ती एक लांबलचक जाहिरातच होती, त्यामुळे आताच्या पोरांच्या कार्टून्सना नावं ठेवताना जरा जपून.

दुसरं, लेक नऊ वर्षांची आहे, तिने दहाव्या मिनिटाला विचारलं, "बाबा, हा सारखा तसाच का पळतो?" मी चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं हो हे. तोच समोरून धावत येणारा ही-मॅन, तीच उडी, तीच मूठ, फक्त मागचा डोंगर बदललेला. हे कार्टून काढणारा फिल्मेशन स्टुडिओ पैसे वाचवायला एकदा काढलेली हालचाल परत परत वापरायचा, त्यांचे प्रमुख लू शायमर तर स्वतःच ऑर्कोचा, म्हणजे त्यातल्या छोट्या जादूगाराचा, आवाज काढायचे. आणि मला आठवत होतं की ही-मॅन तलवारीने सगळ्यांना सपासप कापतो, मी तर फूटपट्टी घेऊन तसंच करायचो, तर तो माणसावर तलवार चालवतच नाही! उचलून फेकतो, दगड फोडतो, तलवारीने किरण अडवतो, बास. मारामारी सगळी माझ्या डोक्यातली.

मग एवढं असून बघत का बसलो, तर आईबापांमुळे. लहानपणी राजा रँडॉरचा राग यायचा, सारखा त्या बिचाऱ्या ॲडमला, आपल्याच पोराला, आळशी म्हणतो, यांना कळत कसं नाही हाच ही-मॅन आहे. आता वाटतं, पोरगा ऐन संकटाच्या वेळी दरवेळी गायब होतो, बापाने समजायचं काय? (खलनायक स्केलेटरचं म्हणाल तर तो हाताखालच्यांवर ओरडतो ते बघून मला ऑफिस आठवलं, पण ते जाऊ दे.) ॲडमची आई राणी मार्लिना मात्र वेगळी, एका भागात ती सूचकपणे बोलते त्यावरून साफ कळतं की बाईला सगळं माहितीये आणि ती नवऱ्यालाही बोलत नाही. लहानपणी हे माझ्या डोक्यावरून गेलं होतं.

आणि टीलाचा तो भाग. टीलाला, म्हणजे राजाच्या पहारेकऱ्यांच्या कॅप्टनला, आपली आई कोण ते शोधायचंय, राजाच्या सरदाराने, मॅन-अ‍ॅट-आर्म्सने तिला वाढवलंय पण तो सांगत नाही, ती एकटीच निघते, संकटात सापडते आणि शेवटी कळतं की कॅसल ग्रेस्कल या जादूच्या किल्ल्याची रखवाली करणारी जादूगारीण, सॉर्सरेस, हीच तिची आई. दोघी एकमेकींना भेटतात, आणि मग सॉर्सरेस म्हणजे आईच तिची ती आठवण पुसून टाकते, गुपित फुटू नये म्हणून. टीला जागी होते तेव्हा तिला काहीच आठवत नाही. खेळणी विकायच्या सिरियलमध्ये हे लिहायला कोणी सांगितलं होतं त्या लेखकाला? कुणी नसेल सांगितलं. त्या एका भागासाठी मी बाकीची सगळी रिपीट धावाधाव माफ करायला तयार आहे, आणि तुमच्या लेखात या कार्टूनचं नाव असूनही याबद्दल एक ओळ नव्हती म्हणून हे पत्र.

लेक गप्प बसली होती. मग म्हणाली, "तिला परत कधी आठवतं?" मी सांगितलं की १३० भाग झाले, १९८५ला सिरियल संपली, त्यात कधीच नाही. "मग आई रोज तिला बघते आणि काहीच बोलत नाही?" म्हटलं, हो. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली पुढचा लावा, आणि ही-मॅन समोरून धावत आला तसं मोठ्याने मोजायला लागली, एक.

आपला,
एक जुना वाचक