खोका, मोबाइल आणि पाण्याचा रंग

दांडिया बाजार, बडोदे
रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. पाण्यात कापड-रंग किती मिसळलाय ते बघायला तू पंचगंगेच्या पाण्याचे फोटो पाठवलेस तेव्हा ‘यावरून काही ठरवू नकोस’ एवढंच म्हणून मी फोन ठेवला. तुला ते लागलं असणार. म्हणून आज सविस्तर लिहितो.

दिवाळीपासून मी मोबाइलनं पाण्यातला रंग मोजतोय. बी.एस्सी.ला घोकलेला बिअर-लॅम्बर्टचा नियमच तो: रंग जितका जास्त, तितका प्रकाश जास्त शोषला जातो. सरावासाठी घेतलेला निळा रंग मेथिलीन ब्लू 664 नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश खातं, म्हणून फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांपैकी लाल आकडा बघायचा, निळा नाही. कोऱ्या पाण्याच्या आकड्याला नमुन्याच्या आकड्यानं भागून लॉग घेतला की रंग किती ते कळतं.

मेथिलीन ब्लूची लिटरला 1 ते 5 मिलिग्रॅम अशी पाच द्रावणं खिडकीत मांडली, फोटो काढले, तर 4 चं द्रावण 3 च्यापेक्षा फिकं! तीन रात्री झोप नाही. मग उमगलं, समोर गडद दिसलं की कॅमेरा फोटो उजळतो, निळसर दिसलं की रंग सावरून घेतो. तुझ्या फोटोंतही तेच झालं असेल.

आता बुटांचा खोका आतून काळा केलाय. मागे पांढरा एलईडी, त्यावर बटर पेपर. कॅमेऱ्यानं आपोआप काही बदलू नये म्हणून प्रो मोडमध्ये आयएसओ, शटर, व्हाइट बॅलन्स, सगळं बांधून टाकलं. आलेखावर पाचही द्रावणांचे बिंदू सरळ रेषेवर आले तेव्हा मी आईला हाक मारून दाखवले.

विश्वामित्रीत मगरी, त्यामुळे काठावर उतरत नाही; काळ्या घोड्याच्या पुलावरून दोरीनं बाटली सोडतो. गाळ प्रकाश अडवतो आणि आकडा फुगतो, तेव्हा पाणी रात्रभर निवळू दे. फिल्टर पेपरनं गाळू नकोस, मेथिलीन ब्लू कागदालाच चिकटतं.

एका गोष्टीनं मात्र जीव घाबरतो. ॲझो रंग, म्हणजे कापडाला वापरतात त्यांतला एक मोठा गट, ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात जिवाणूंनी तोडले की पाणी स्वच्छ दिसतं, पण ॲरोमॅटिक अमाइन्स नावाची, डोळ्यांना न दिसणारी रसायनं मागे राहतात. त्यांतली काही कर्करोग करणारी आहेत. तिथं आपला खोका आंधळा. रंग उतरला म्हणून शाळेतल्या मुलांना पाण्यात जाऊ देऊ नकोस.

पुढच्या महिन्यात इचलकरंजीला येतोय, खोका घेऊनच. दोन बाटल्या पाणी भरून अंधारात ठेव, उन्हात रंग उडतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
मधू