छाननीला अर्ज बाद, दाद मात्र निकालानंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक सुधारणांची चर्चा आपल्याकडे मतदानयंत्र, मतदारयादी आणि पैसा यांच्याभोवती फिरते. यंत्रावर नाव कोणाचे येते आणि कोणाचे त्याआधीच गळते, हे निवडणूक उरकली की कोणाच्या लक्षातही राहत नाही. अमेरिकेत या एकाच प्रश्नामागे काहींनी आयुष्य घातले आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या रिचर्ड विंगर यांनी १९८५ पासून ‘बॅलट ॲक्सेस न्यूज’ हे वार्तापत्र चालवले, राज्याराज्यांचे उमेदवारीचे नियम गोळा केले आणि न्यायालयांत तज्ज्ञ म्हणून साक्षी दिल्या. तिथला अडसर सह्यांच्या आकड्याचा असतो. ओहायोत नव्या पक्षाला मागच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत पडलेल्या मतांच्या १५ टक्के इतक्या सह्या आणाव्या लागत. १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट मोडीत काढली. आपल्याकडे अपक्षाला सूचकांच्या, म्हणजे त्याचे नाव सुचवणाऱ्या मतदारांच्या, फक्त दहा सह्या लागतात, म्हणून इथे काही अडसर आहे असे कोणाला वाटत नाही. अडसर आहे. अर्जातली चूक दुरुस्त करायला मिळणाऱ्या वेळेत तो दडलेला आहे.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ३० प्रमाणे अधिसूचनेनंतर सातव्या दिवशी अर्ज भरणे संपते, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३ याच वेळेत घेतले जातात, सुट्टीच्या दिवशी नाही. २०२४ च्या विधानसभेला २२ ते २९ ऑक्टोबर ही मुदत होती. त्यातला शनिवार-रविवार वगळला तर सहा दिवस उरले, म्हणजे मोजून २४ तास. त्यातही मोठ्या पक्षांचे उमेदवार मुहूर्त पाहून, मिरवणुकीने, शेवटच्या दोन दिवसांत येतात आणि टेबलावरचा वेळ खाऊन जातात.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. बाकी सर्वांना, म्हणजे अपक्षाला आणि नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षालाही, त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात. मुंबईत हे वाटते तितके सोपे नाही. धारावीत दुकान असलेल्या माणसाचे मत सायन कोळीवाड्यात असते. चाळ पुनर्विकासाला गेलेली कुटुंबे संक्रमण शिबिरात राहतात, पण नमुना ८ भरून पत्ता बदललेला नसतो, त्यामुळे नाव जुन्याच यादीत. उलटही होते: वीस वर्षे एकाच गल्लीत राहणाऱ्याचे नाव हद्दीपलीकडच्या मतदारसंघात निघते. सूचक ‘आपल्या विभागातला’ आहे एवढ्यावर कधीही विसंबू नये. लोकसभेला त्या मतदारसंघातल्या सहाही विधानसभा क्षेत्रांतला मतदार चालतो, विधानसभेला मात्र रस्त्याच्या पलीकडचा चालत नाही.

दुसरी गफलत क्रमांकांची. अर्जात सूचकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मागतात. लोक ओळखपत्रावरचा क्रमांक लिहितात किंवा मागच्या निवडणुकीची चिठ्ठी समोर ठेवून उतरवून घेतात. मतदान केंद्रांची फेररचना झाली की भाग बदलतो, पुरवणी यादी निघाली की अनुक्रमांक बदलतो. ताजी अंतिम यादी आणि तिच्या पुरवण्या उघडूनच आकडे घ्यावेत. खरे तर कलम ३३(४) नुसार अर्ज हातात घेतानाच नावे आणि क्रमांक यादीशी ताडून पाहणे हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे काम आहे, आणि लेखनातली किंवा तांत्रिक चूक दुरुस्त करू द्यावी किंवा सोडून द्यावी, असे त्याच कलमात म्हटले आहे. शेवटच्या दिवशी पावणेतीनला रांगेत पंधरा जण असताना हे ताडणे कसे होत असेल, ते सांगायला नको. आणखी एक बारकावा: अंगठा उठवणाऱ्या सूचकाला निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर तो उठवावा लागतो. घरी घेतलेला ठसा उपयोगाचा नाही.

नमुना २६ चे शपथपत्र हे गळतीचे सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. प्राप्तिकराची पाच वर्षे, पती किंवा पत्नी आणि अवलंबितांची मालमत्ता, प्रलंबित खटले, सरकारी निवासस्थानाची थकबाकी, असे रकाने लांबत जातात. एकही रकाना मोकळा सोडायचा नसतो. लागू नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे अक्षरात लिहावे. आडवी रेघ मारली की हरकतीला निमंत्रण. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या ‘रिसर्जन्स इंडिया’ निकालामुळे इथे थोडी सोय झाली. मोकळा रकाना दिसला तर निर्णय अधिकाऱ्याने उमेदवाराला तसे कळवायचे, आणि छाननीपर्यंत सुधारित शपथपत्र आले नाही तरच अर्ज फेटाळायचा. न्यायालयाने इथे चूक दाखवून ती सुधारण्याचा हक्क दिला. सूचकांच्या बाबतीत तो नाही. शेवटच्या दिवशी तीन वाजून गेले की दहातला एक सूचक यादीत नसला तरी अर्ज गेला. नवा सूचक जोडता येत नाही.

शपथेचेही तसेच. उमेदवाराने अर्ज दाखल केल्यानंतर आणि छाननीच्या तारखेच्या आधी शपथ घ्यायची असते. शेवटच्या दिवशी अर्ज देऊन घरी गेलेला उमेदवार दुसऱ्या दिवशी थेट छाननीला येतो, तेव्हा वेळ निघून गेलेली असते. अनामत रक्कम लोकसभेला २५,०००, विधानसभेला १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. रोख किंवा चलनाने, धनादेश चालत नाही. खर्चासाठीचे स्वतंत्र बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेले हवे.

यावरचा उपाय जाणकारांना माहीत आहे. एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच लागते. तेव्हा निदान दोन अर्ज, वेगवेगळ्या दहा-दहा सूचकांचे, आणि पहिला मुदतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच. पण मतपत्रिकेवर यायला वीस सूचकांची तजवीज करावी लागत असेल, तर कायद्यातल्या दहाला काय अर्थ राहिला?

ही चाळणी आली कुठून, हेही सांगायला हवे, कारण ती विनाकारण आलेली नाही. १९९६ साली तमिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभेला १,०३३ उमेदवार उभे राहिले आणि नलगोंडा लोकसभेला ४८०. त्याच वर्षी कायदा बदलला. लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० झाली (२०१० पासून २५,०००), दहा सूचकांची अट आली आणि माघारीनंतर मतदानापर्यंतचे किमान दिवस २० वरून १४ झाले. या शेवटच्या बदलाकडे कोणाचे लक्ष जात नाही, पण अपक्षाला चिन्ह मिळते तेच माघारीनंतर. पक्षाचा उमेदवार वर्षभर आपले चिन्ह रंगवतो, अपक्षाला ते घरोघर पोचवायला दोन आठवडे. उमेदवारांच्या गर्दीची भीती आता तेवढी उरलेली नाही. नव्या यंत्रणेत एका केंद्रावर १६ नावांची २४ मतदान युनिटे जोडता येतात, म्हणजे ‘नोटा’ धरून ३८४ नावे. २०१९ ला निजामाबादला १८५ उमेदवार होते आणि प्रत्येक केंद्रावर १२ युनिटे मांडून मतदान झालेही. अर्थात मतदाराला बारा पेट्यांपुढे उभे करणे आम्हालाही पसंत नाही. काही चाळणी लागणारच.

अपक्षच नकोत, असे म्हणणारेही आहेत. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात तशी शिफारस केली होती. तिच्यामागे तथ्य नाही असे नाही. २०१४ ला रायगडमध्ये अनंत गीते २,११० मतांनी जिंकले आणि पराभूत सुनील तटकरे यांच्याच नावाच्या अपक्षाने ९,८४९ मते घेतली. त्यावर उतारा म्हणून पुढच्या वर्षापासून मतपत्रिकेवर छायाचित्र आले, आणि तो योग्य उतारा होता. दुसरीकडे २०२४ ला सांगलीत विशाल पाटील अपक्ष म्हणून लाखाच्या फरकाने निवडून आले. अपक्षांना बंदी असती तर सांगलीकरांच्या मताचे काय झाले असते, याचे उत्तर त्या अहवालात मिळत नाही.

आता मूळ मुद्दा. अर्ज चुकीने फेटाळला तर दाद कुठे मागायची? १९५२ साली नमक्कलच्या पोन्नुस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२९(ब) मुळे मधल्या टप्प्यावर न्यायालयात येता येत नाही, निवडणूक संपल्यावर निवडणूक याचिका करावी. म्हणजे निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात, २,००० रुपये सुरक्षा ठेव भरून. सहा महिन्यांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो, पण तशी सक्ती नाही. अर्ज अयोग्यरीत्या फेटाळल्याचे सिद्ध झाले तर निवडणूक रद्द होते, हे खरे. पण तोवर कोणी तरी आमदार होऊन बसलेला असतो, अर्ज गेलेला माणूस पुढच्या कामाला लागलेला असतो आणि एका जागेची फेरनिवडणूक कोणालाच नको असते.

रामटेकचे उदाहरण ताजे आहे. २०२४ च्या लोकसभेला रश्मी बर्वे यांचे जातवैधता प्रमाणपत्र छाननीच्या तोंडावर रद्द झाले आणि त्यांचा अर्ज फेटाळला गेला. जात पडताळणी समितीचा तो निर्णय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सप्टेंबरमध्ये रद्द केला, तेव्हा लोकसभा बसून तीन महिने झाले होते. त्यांच्या पक्षाकडे पर्यायी उमेदवार म्हणून त्यांचे पती होते, ते निवडूनही आले. अपक्षाला पर्यायी उमेदवार नसतो. त्याच निवडणुकीत सुरतला काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी ‘या सह्या आमच्या नाहीत’ असे सांगितले, अर्ज फेटाळले गेले, उरलेल्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. कोण खरे, कोण खोटे, हा वाद बाजूला ठेवू. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराची ही गत, तर दहा सूचक सांभाळणाऱ्या अपक्षावर दबाव आणणे किती सोपे, याचा विचार व्हावा.

मग छाननी आणि माघार यांच्यामध्येच अपिलाची सोय का नसावी? महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुकीत, ज्या राज्य निवडणूक आयोग घेतो, निर्णय अधिकाऱ्याच्या निर्णयावर जिल्हा न्यायालयात अपील होते. तिचा तोटाही आपण नुकताच पाहिला: अपिलांचे निकाल लांबल्याने काही ठिकाणचे मतदान २ डिसेंबर २०२५ ऐवजी २० डिसेंबरला घ्यावे लागले. दोष अपिलाचा नव्हे, निकालाला काटेकोर मुदत नसण्याचा आहे. लोकसभा-विधानसभेसाठी प्रत्येक जिल्ह्यात निवृत्त जिल्हा न्यायाधीशांचे एक-दोन सदस्यांचे अपील मंडळ भारत निवडणूक आयोगाने आधीच नेमावे. छाननीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ११ पर्यंत अपील, त्याच रात्री निकाल, आणि चिन्हवाटप त्यानंतर. यासाठी कलम ३६ मध्ये दुरुस्ती पुरेशी आहे, कारण हे अपील निवडणूक प्रक्रियेचाच भाग असेल. वेळ नाही, ही सबब टिकत नाही. २०२४ ला दिवाळीमुळे छाननी ३० ऑक्टोबरला आणि माघार ४ नोव्हेंबरला होती. पाच दिवस मध्ये गेले आणि २० नोव्हेंबरचे मतदान वेळेवर झाले.

सूचकाने सही नाकारली तर त्याने समक्ष येऊन शपथेवर सांगावे. कलम ३६(५) मध्ये हरकतीचे खंडन करायला छाननीनंतरच्या दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ देता येतो. तो ‘देता येतो’ ऐवजी ‘द्यावा’ असा करावा. वय, नागरिकत्व, अपात्रता सोडून बाकीच्या प्रत्येक उणिवेला शपथपत्रासारखीच सूचना आणि दुरुस्तीची संधी मिळावी. कलम ३६(४) आजही सांगतेच की, गंभीर स्वरूपाची नसलेली त्रुटी अर्ज फेटाळायला पुरेशी नाही. गंभीर म्हणजे काय, हे मात्र प्रत्येक निर्णय अधिकारी आपापल्या परीने ठरवतो.

कायदा बदलेपर्यंत दोन गोष्टी मुंबईत लगेच करता येतील. ब्रिटनमध्ये अर्ज अधिकृतपणे देण्याआधी तो अनौपचारिकरीत्या तपासून देण्याची पद्धत आहे. शहरातल्या १० आणि उपनगरांतल्या २६ विधानसभा मतदारसंघांच्या कार्यालयांत सकाळी ९ ते ११ एक मदत-टेबल लावावे. तिथे एकच माणूस आणि ताजी यादी असली तरी पुरे. सूचकांचे क्रमांक आणि मोकळे रकाने तपासायला एका अर्जाला वीस मिनिटांहून जास्त लागत नाहीत. दुसरी, फेटाळणीचे आदेश. कारण लेखी नोंदवण्याची सक्ती कलम ३६(६) मध्ये आहे, प्रसिद्ध करण्याची नाही. छाननीच्या संध्याकाळी सर्व ३६ जागांचे आदेश मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मराठीत टाकावेत. एकाच चुकीला कुर्ल्यात माफी आणि बोरिवलीत फेटाळणी असे होते का, हे मग कोणालाही दोन्ही आदेश शेजारी ठेवून पाहता येईल.

जाता जाता अपक्षांसाठी एक: हरलात तरी निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्या, खर्च शून्य असला तरीही. तो न दिल्याने कलम १०अ खाली तीन वर्षांची अपात्रता येते, आणि पुढच्या वेळी सूचक, शपथपत्र, अनामत सगळे बिनचूक असूनही अर्ज त्याच एका कारणाने जातो.

आपले,
उमेदवारी अर्ज भरण्यास मदत करणारे कार्यकर्ते
परळ, मुंबई